पाळणाघरात ऑटिझमची शंका आली तर: काय बघायचं, काय लिहायचं, आईबाबांना कसं सांगायचं

डोंबिवलीत माझं पाळणाघर आहे. सकाळची लोकल गाठणारे आईबाबा मूल, डबा आणि कपड्यांची पिशवी आमच्या हातात देतात आणि दिवेलागणीला परत येतात. मूल जागं असतं तो बहुतेक वेळ आमच्यासमोर जातो. शिवाय घरात दिसू शकत नाही अशी एक गोष्ट आमच्याकडे रोज दिसते, ती म्हणजे एकाच वयाची सात-आठ मुलं एकाच सतरंजीवर. एकुलत्या एका मुलाच्या आईला शेजारी ठेवून बघायला दुसरं मूल नसतं. डॉक्टरांकडे तेच मूल दहा मिनिटं असतं, तेही सुईच्या धाकानं रडत. म्हणून ऑटिझमची (म्हणजे स्वमग्नतेची, ज्यात मुलाची इतरांशी संवाद साधण्याची आणि वागण्याची पद्धत वेगळी असते) पहिली शंका पुष्कळदा पाळणाघरात किंवा बालवाडीत येते. ती आली की काय करायचं, हे मी आमच्याकडे नव्यानं कामाला येणाऱ्या ताईंना सांगते, तसंच इथे लिहिते आहे.

निदान करणं आपलं काम नाही. ऑटिझम रक्तात किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. या विषयाचे डॉक्टर मुलाचं वागणं बघून आणि आईबाबांना बारीकसारीक विचारून ते ठरवतात. आपल्याकडे असते ती माहिती, आणि ती नीट गोळा करून योग्य माणसापर्यंत लवकर पोचवायची, एवढंच आपलं काम. ‘मला वाटतं याला ऑटिझम आहे’ हे वाक्य पाळणाघरात कुणी, कुणाहीबद्दल, स्वयंपाकघरातसुद्धा बोलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे.

नव्या ताईंचं लक्ष आधी कुठे जातं, ते मला पाठ झालंय. हात फडफडवणं, स्वतःभोवती गिरक्या घेणं, गाड्यांची रांग लावणं, सुरू असलेल्या पंख्याकडे टक लावून बघणं. डोळ्यांत भरणाऱ्या गोष्टी आहेत, आणि त्या महत्त्वाच्याही आहेत, पण दोन वर्षांची निम्मी मुलं यातलं काही ना काही करतात. पंखा तर सगळ्यांनाच आवडतो. म्हणून मी सांगते, आधी मूल माणसांबरोबर काय करतं ते बघा. आणि त्यातही, जे व्हायला हवं होतं आणि होत नाही ते. हे अवघड असतं, कारण जे होतच नाही ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही. शांत, एकटं खेळणारं, त्रास न देणारं मूल पाळणाघरात सगळ्यांचं लाडकं असतं.

सगळ्यात जास्त वेळ मी बोटाकडे बघण्यात घालवते. आमच्या खिडकीतून रस्त्याचं खोदकाम दिसतं. जेसीबी आला की दीड वर्षाचं पोर बोट दाखवतं, ‘आँ!’ करतं, आणि लगेच मान वळवून ताईच्या चेहऱ्याकडे बघतं. तूही पाहिलंस ना, असं विचारल्यासारखं. ती मागे वळलेली नजर बघायची. बोट दोन कामांसाठी असतं, काहीतरी मागायला आणि काहीतरी दाखवायला. मागायचं बोट बऱ्याच मुलांकडे असतं. दाखवायचं बोट साधारण दीड वर्षापर्यंत दिसायला लागतं, आणि ऑटिझम असलेल्या मुलांत ते उशिरा येतं, क्वचित येतं किंवा येतच नाही. काही मुलं बोटाऐवजी तुमचं मनगट धरतात आणि तुमचा हात बाटलीवर किंवा दाराच्या कडीवर नेऊन ठेवतात. चेहऱ्याकडे न बघता, जणू हात हे एक अवजार आहे आणि त्याचा मालक वेगळा कुणीतरी. हे दिसलं की लिहून ठेवा.

उलट बाजूही बघायची. तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे बोट करून ‘तो बघ काऊ!’ म्हणा. मूल काऊ शोधतं की तुमच्या बोटाकडेच बघत राहतं? की मुळात मान वरच करत नाही? हे परीक्षा घेतल्यासारखं करू नका. चार-पाच दिवस, सहज, वेगवेगळ्या वेळी करा. भुकेल्या किंवा झोपाळलेल्या मुलाला काऊत रस नसतो, मलाही नसतो. आणखी एक म्हणजे वस्तू आणून दाखवणं. सापडलेलं बटण, चिखलाचा बूट, स्वतःचं खरचटलेलं कोपर, तीन वर्षांची मुलं दिवसभर काही ना काही आणून नाकासमोर धरतात. ‘ताई बघ, ताई बघ’ यानं आपण कावतो. पण एखादं मूल कधीच काही दाखवायला आणत नसेल, तर ते कावण्यापेक्षा मोठं लक्षण आहे.

नावानं हाक मारल्यावर वळणं हे पहिल्या वाढदिवसाच्या आसपास पक्कं झालेलं असतं. तपासायची पद्धत अशी: मूल कशात फार रमलेलं नसताना मागून, नेहमीच्या आवाजात, एकदाच हाक मारा. खांद्याला हात लावू नका, टाळी वाजवू नका. आणि त्याआधी घरचं नाव विचारून घ्या! प्रवेशाच्या फॉर्मवर एक भारदस्त नाव असतं आणि घरी सगळे ‘सोन्या’ म्हणतात. मग सोन्या बिचारा त्या भारदस्त नावाला कशाला वळेल? घरच्या नावालाही वळत नसेल, पण बिस्किटाच्या पुड्याची चुरचुर ऐकून दुसऱ्या खोलीतून धावत येत असेल, तर नोंद करा. मात्र चुरचुर ऐकू आली म्हणजे कान ठीक आहेत असं समजू नका. काही मुलांना काही आवाज ऐकू येतात आणि बोलणं स्पष्ट ऐकू येत नाही. सर्दीनंतर कानात पाणी साठल्यानंही ऐकणं कमी होतं. म्हणून कानांची तपासणी सगळ्यांत आधी.

बोलण्याबद्दल लोकांचा गोंधळ फार. उशिरा बोलणं म्हणजे ऑटिझम नव्हे. आमच्याकडे एक मुलगी होती, अडीच वर्षांची होईपर्यंत चार शब्द. पण डोळे, भुवया, हात, ओढाताण, एवढ्या सगळ्यांनी ती तुमच्याशी ‘बोलायची’ की शब्द नाहीत हे लक्षातही यायचं नाही. तिच्या बाबतीत काळजी वेगळी आणि डॉक्टरही वेगळे. याउलट भरपूर बोलणारं मूलही ऑटिस्टिक असू शकतं. ‘पाणी हवंय का?’ विचारलं की ‘पाणी हवंय का?’ असंच उत्तर येतं, आणि त्याला खरंच पाणी हवं असतं. ‘मला’ऐवजी ‘तुला भूक लागली’ असं स्वतःबद्दल म्हणतं. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून इंग्रजी मुळाक्षरं सरळ-उलट म्हणून दाखवतं, ‘हेक्सॅगॉन’ आणि ‘पर्पल’ स्पष्ट म्हणतं, घरचे कौतुकानं पाहुण्यांसमोर म्हणायला लावतात, पण बूट निघाला तर ‘ताई, घाल’ म्हणत नाही. पाठ किती आहे हे मोजू नका. बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचवायला वापरतं का, ते बघा. एक भीती मात्र काढून टाका. दिवसभर आईचं किंवा ताईंचंच ऐकणारे मुलगे ‘मी जाते’, ‘मी खाते’ म्हणतात. त्यात काळजीचं काही नाही, बालवाडीतले मित्र ते सुधारतात.

साधारण वर्षाला हातवारे आणि बडबड, सोळा महिन्यांपर्यंत सुटे शब्द, दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्द जोडून बोलणं (‘बाबा गेले’, ‘दूदू नको’), यातलं काही नसेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण काहीही निघो. आणि आलेले शब्द गेले, म्हणजे आधी ‘टाटा’ करायचा, ‘आई’ म्हणायचा आणि आता करत नाही, असं कोणत्याही वयात दिसलं तर वही भरत बसू नका. त्याच आठवड्यात आईबाबांना बोलवा.

खेळ बघायला आमच्याकडे भातुकली आहे. रिकामा कप पुढे करून ‘चहा घे’ म्हटलं की अडीच वर्षांचं मूल फुर्रर्र करून पितं, वर ‘गरम आहे’ म्हणतं. काही मुलं कप उलटा करून त्याची कड फिरवत बसतात. गाडी चालवत नाहीत, तिचं चाक डोळ्यांजवळ धरून फिरवतात. एकदा-दोनदा कुणीही करेल. रोज तेच, आणि कुणी दुसरा खेळ सुचवला तर हात झटकून परत तेच, याकडे लक्ष द्या. दोन वर्षांची मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात, ते वयाला धरून आहे. साडेतीन-चार वर्षांच्या मुलानं मात्र दुसऱ्याच्या खेळात नाक खुपसायला हवं, निदान बघत तरी उभं राहायला हवं.

कुकरची शिट्टी, मिक्सर, वाढदिवसाला सगळ्यांनी एकदम वाजवलेल्या टाळ्या यांनी काही मुलं कान दाबून कोपऱ्यात जातात. नखं कापणं, केसांना तेल, ओला टी-शर्ट असह्य होतो. डब्यात कोरडी पोळीच हवी, भाजीचा रस लागला तर ती पोळी गेली. टाचा न टेकता चालणं, पडून रक्त आलं तरी न रडणं, हेही लिहा. डब्याबद्दल घाई नको, कारण खाण्याचे नखरे कुठलं पोर करत नाही? पण खाण्याचे पदार्थ हळूहळू कमी होत चारावर आले असतील तर ते नखऱ्यांपलीकडचं आहे.

हट्ट आणि कोलमडणं यांतला फरक ताईंना शिकवावा लागतो. हट्टी मूल रडतारडता मधेच डोळा किलकिला करून बघतं की कुणी बघतंय का, आणि हवं ते मिळालं की थांबतं. रोज दार उघडणाऱ्या ताई रजेवर आहेत, सतरंजी धुवायला काढून दुसरी घातली, एवढ्यावरून कोलमडलेलं मूल कुणाकडे बघत नाही, आणि हवी ती वस्तू दिली तरी लगेच थांबत नाही. त्याला ओरडून उपयोग नाही. आवाज कमी करा, माणसं कमी करा, जवळ बसा.

मुलींच्या बाबतीत जास्त सावध राहा. निदान झालेल्यांत मुलगे बरेच जास्त असतात, पण मुली निसटूनही जातात. त्या शेजारणीची नक्कल करत गटात बसून राहतात, ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून दिल्या जातात. अशा मुलीची शेजारीण एखाद दिवस आली नाही की बघा काय होतं.

आता काय मोजायचं नाही ते. नवीन मुलाचा पहिला महिना सोडून द्या. आईशिवाय राहायला शिकणारं मूल कुणासारखंही वागतं. घरात तमिळ, गुजराती किंवा भोजपुरी बोलली जात असेल तर आमचं मराठी त्याला समजत नाही. पण चेहरा, हात, हसू याला भाषा लागत नाही, तिथे ते प्रतिसाद देतं का ते बघा. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, त्यामुळे ‘घरी मराठीच बोला’ असा सल्ला कुणाला देऊ नका. नवं भावंड, आजारपण, घर बदलणं, दिवसाचे चार तास मोबाईल, हे सगळं आईबाबांना विचारून वहीत टाका.

वही म्हणजे साधी शंभर पानी. त्यात ‘कुणात मिसळत नाही’, ‘आपल्याच जगात असतो’ असं लिहायचं नाही, कारण ते आपलं मत झालं. असं लिहायचं: ‘मंगळवार, ४ वाजता. सगळे चेंडू खेळत होते. हा पंधरा मिनिटं कडी वर-खाली करत होता. दोनदा चेंडू हातात दिला, खाली टाकला. घरच्या नावानं तीन हाका, वळला नाही. वरणभाताचा वास आल्यावर स्वतः येऊन बसला, माझ्याकडे बघून हसला.’ ते शेवटचं वाक्यही हवंच. जे जमतं ते लिहिलं नाही तर वही तक्रारपेटी होते आणि आईबाबा पहिल्या पानावरच ती मिटतात. दोन-तीन आठवडे, शक्यतो दोन वेगळ्या ताईंनी, एकमेकींचं न वाचता लिहावं. परवानगीशिवाय व्हिडिओ काढायचा नाही. आणि पाळणाघराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एक अक्षर नाही.

‘एम-चॅट-आर’ नावाची वीस प्रश्नांची एक यादी आहे, सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी. ती आईबाबांनी भरायची असते, आपण नाही. दोनपर्यंत गुण आले तर धोका कमी, तीन ते सात आले तर पुढचे प्रश्न विचारायचे, आठ किंवा जास्त आले तर थेट तज्ज्ञांकडे. ही फक्त चाळणी आहे. तिच्यात कमी गुण आले आणि तुमची वही वेगळंच सांगत असेल, तरी डॉक्टरांकडे जायला सांगा. तीस महिन्यांपुढच्या मुलाला ती लावू नका.

आईबाबांना सांगणं हा सगळ्यांत कठीण भाग आहे, आणि तो दारात होत नाही. संध्याकाळी एक बूट घातलाय, दुसरा सापडत नाही, आईला घरी जाऊन कणीक मळायची आहे, अशा वेळी ‘जरा बोलायचं होतं’ म्हणून सुरुवात केलीत तर ती रात्रभर झोपणार नाही. शनिवारी बोलवा, दोघांना. न्यायला आजी येत असतील तर आधी आजींना सांगू नका. घरी पोचेपर्यंत त्याचं ‘बाई म्हणाल्या पोरगं वेडं आहे’ होतं, आणि मग त्या घराचे कान बंद. आजींना नंतर जरूर सामील करून घ्या, कारण पुढची धावपळ बहुधा त्याच करणार असतात.

बसल्यावर आधी मुलाबद्दल एक खरी चांगली गोष्ट सांगा, लोणी लावायला नाही, तर तुम्ही त्याला ओळखता हे त्यांना कळावं म्हणून. मग सांगण्याआधी विचारा. ‘घरी हाक मारल्यावर येतो का? काही दाखवायला आणतो का? सोसायटीत मुलांबरोबर काय करतो?’ पुष्कळदा आईच्या मनात हे आधीपासून असतं आणि कुणी विचारावं याचीच ती वाट बघत असते. त्यानंतर वही पुढे करा. मी साधारण असं म्हणते: ‘आम्हाला तीन आठवडे हे दिसलं. याचा अर्थ काय, ते मला सांगता येणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण एकदा कान तपासून घ्या आणि मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना ही वही दाखवा. काही नाही निघालं तर आपण सगळे सुटलो.’

उत्तरं ठरलेली असतात. ‘याचे बाबाही चार वर्षांपर्यंत बोलले नव्हते.’ ‘मुलगे उशिराच बोलतात.’ ‘एकटा आहे ना घरात.’ ‘दृष्ट लागलीये.’ वाद घालू नका. दृष्ट काढायला ना नाही, पण डॉक्टरांची वेळही घ्या, असं म्हणा. एका गोष्टीवर मात्र मी गप्प बसत नाही. कुणी आईला म्हणालं, ‘तू नोकरीला जातेस म्हणून’, तर तिथल्या तिथे सांगते की आईच्या नोकरीनं, लाडानं किंवा पाळणाघरानं ऑटिझम होत नाही. लसीनंही नाही. गोवराच्या लसीशी संबंध जोडणारा १९९८ सालचा शोधनिबंध तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानंच २०१० मध्ये मागे घेतला. धाकट्या भावंडाची लस कुणी टाळू नये म्हणून हे मुद्दाम सांगायचं. आणि बाबा चिडले, ‘तुम्ही काय डॉक्टर आहात का’ म्हणाले, तर ‘नाही’ म्हणा, कारण नाहीच आहोत. पुढच्या महिन्यातली एक तारीख ठरवा आणि तोवर लिहीत राहा.

कुठे जायचं? आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ, आणि त्यांच्याकडून मुलांच्या विकासाच्या तज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी. ‘बघू, मोठा झाला की बोलेल’ असं उत्तर मिळालं तर दुसरं मत घ्या. कानांसाठी ‘बेरा’ तपासणी असते, आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते बघणारी. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. मुंबईत ‘उम्मीद’ ही संस्था २००१ पासून अशा मुलांसोबत काम करते. पैशाची अडचण असेल तर सरकारी वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, मोफत. खासगी पाळणाघरातल्या मुलाच्या घरच्यांनी जवळच्या अंगणवाडी ताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारावं. पुढे निदान पक्कं झालंच, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. ‘आयएसएए’ या भारतीय मोजपट्टीवर तपासून प्रमाणपत्र मिळतं. पण ते नंतरचं.

तज्ज्ञांची वेळ मिळायला महिने लागू शकतात. तोवर थांबून राहायची गरज नाही. वाणी-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतला जाणारा सराव) निदानाच्या कागदाशिवाय सुरू करता येतात. याच वाट बघण्याच्या काळात घरचे लोक रात्री मोबाईलवर शोधतात आणि स्टेम सेल (मूळ पेशी) उपचारांच्या जाहिराती समोर येतात. काही लाखांचा खर्च आणि ‘बरा करू’चं आश्वासन. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनं २०२२ मध्येच ऑटिझमसाठी हे उपचार करू नयेत असं म्हटलंय. हे आईबाबांच्या कानावर घाला, दागिने मोडायच्या आधी.

पाळणाघरातही तोवर बरंच करता येतं, आणि त्यातलं बहुतेक सगळ्याच मुलांना उपयोगी पडतं. भिंतीवर दिवसाचे फोटो क्रमानं लावा: डबा, खेळ, झोप, दूध, घरी. खेळ संपायच्या आधी पाच मिनिटं ‘आता डबा’ म्हणून तो फोटो दाखवा. एका खोलीत कपाटामागे सतरंजी आणि उशी टाकून शांत कोपरा करा, शिक्षेचा नव्हे. कुकर लावणार असाल तर आधी सांगा. हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ करू नका. तुम्हीच खाली बसा आणि तो जे खेळतोय तेच शेजारी खेळा. दाराला वरची कडी लावा आणि बादलीत पाणी भरून ठेवू नका, कारण यातली काही मुलं न सांगता बाहेर निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात.

डॉक्टरांकडे जाताना आईबाबांबरोबर एक पानाची चिठ्ठी द्या. पूर्ण वही कुणी वाचत नाही. त्यात मूल पाळणाघरात कधीपासून आहे, दिवसाचे किती तास, कोणती भाषा समजते, काय जमतं, कोणत्या चार-पाच गोष्टी वारंवार दिसल्या आणि गेलेले शब्द असतील तर कोणते, एवढंच. रोगाचं नाव लिहू नका. खाली आपला फोन नंबर द्या आणि दुपारी दोन ते साडेतीनची वेळ लिहा, तेव्हा मुलं झोपलेली असतात आणि डॉक्टरांशी नीट बोलता येतं.